फवारणी पंपाचा प्लग काळा का पडतो?

उसात फवारणी चालू असताना पाठीवरचा पेट्रोल पंप मध्येच बंद पडतो. दोरी ओढून हात भरून येतो अन् कालवलेले औषध वाया जाते. अशा वेळी ‘तेल जास्त झालं’ म्हणून टू-स्ट्रोक तेल कमी करू नये. या इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलात मिसळलेल्या तेलातूनच. तेल कमी पडले की पिस्टन जाम झालाच म्हणा.

आधी इंजिन गार होऊ द्या. मग प्लग काढून त्याचे टोक पाहा.

तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर हवा कमी पडते. एअर फिल्टर साफ करा, चोक लागून राहिला नाही ना, ते बघा. ओला, तेलकट असेल तर तेलाचे माप तपासा. पांढराफटक असेल तर इंजिन फार तापते आहे. पंप थांबवून मिस्त्रीला दाखवा.

माप पंपाच्या पुस्तिकेत असते. २५ ला १ असेल तर १ लिटर पेट्रोलला ४० मिली, ५० ला १ असेल तर २० मिली. अंदाजाने झाकणभर ओतू नये. मिश्रण वेगळ्या डब्यात हलवून मगच टाकीत भरावे.

प्लग साफ करूनही भागले नाही, तर पुस्तिकेतल्या नंबराचाच नवा घ्यावा.