चोर सोडून बॅटरीला फाशी

गाडी सुरू होईना म्हटले की आपल्याकडे पहिला बळी बॅटरीचा जातो. शेजारी, सोसायटीचा वॉचमन, ऑफिसातला मित्र, सगळे एकच सांगतात: "बॅटरी गेली, बदलून टाका." बॅटरी चार-पाच वर्षांची असेल तर हे पुष्कळदा खरेही निघते, म्हणून तर ही समजूत टिकून आहे. पण हजारो रुपयांची नवी बॅटरी बसवूनही आठवड्याभरात गाडी पुन्हा मुकाट उभी राहते, तेव्हा गॅरेजातल्या वायरमनची आठवण होते.

दोष शोधायचा तर 'सेल्फ' ही काय चीज आहे हे आधी पाहायला हवे. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ आला. तोवर बहुतेक पेट्रोल गाड्यांना हँडल मारावे लागे. हँडल उलटा झटका देई आणि मनगटाजवळचे हाड मोडे. त्या दुखापतीला डॉक्टर आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. इंजिन फिरवण्याइतकी मोठी मोटर गाडीत मावणार कुठे, असा तेव्हाचा सवाल होता. केटरिंगने त्याआधी डेटनच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. काम क्षणभराचेच असेल तर छोट्या मोटरलाही तिच्या ऐपतीबाहेर राबवता येते, हे त्याला तिथेच उमगले होते. आपल्याकडे मात्र सेल्फ आल्यावरही हँडल सुटले नाही. अ‍ॅम्बॅसेडर आणि कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी यांच्या डिकीत ते असेच, आणि थंडीच्या पहाटे कामालाही येई.

निदानाची सगळी मेख या 'ऐपतीबाहेर' राबण्यात आहे. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. डिझेल त्याहून जास्त. एवढ्या करंटला वाटेतला किरकोळ अडथळाही भारी पडतो. टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीमुळे केवळ ०.०२ ओहमचा रोध आला असे धरा. दीडशे अँपिअरला तिथेच ३ व्होल्ट खलास! साध्या मल्टिमीटरला हा रोध दिसतही नाही, कारण त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोध याहून अधिक असतो. टेस्ट बल्बही फसवतो. केबलची एकच तार शाबूत असली तरी बल्ब झकास पेटतो, कारण त्याला लागतो जेमतेम अर्धा-पाऊण अँपिअर.

म्हणून जाणता वायरमन आधी कान लावतो. हेडलाइट लावून किल्ली फिरवायला सांगतो. 'टकटकटकटक' असा आवाज आला आणि दिवे मालवल्यासारखे झाले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिले आहे. सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच, म्हणजे सोलेनॉइड, आत ओढला जातो, सेल्फला करंट मिळतो, त्यासरशी व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरते, पुन्हा ओढला जातो. त्याचाच तो ताशा. एकदाच 'टक्' झाले आणि दिवे लख्ख राहिले, तर सोलेनॉइडचे पॉइंट जळले असतील किंवा सेल्फचे कार्बन झिजले असतील. अशा सेल्फला पान्याने हलके ठोकले की तो एखाददुसऱ्या वेळी उठतो. ती दुरुस्ती नव्हे, गॅरेजपर्यंत पोचण्याची सोय. आवाजच नाही आणि दिवे झगझगीत, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचलेला नाही: फ्यूज, रिले, इग्निशन स्विच, क्लचखालचा स्विच, ऑटोमॅटिक असेल तर गिअरची जागा.

यानंतर मीटर, पण तो लोड असताना. उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. हा आकडा पाहून 'बॅटरी ठणठणीत' म्हणणे घाईचे. सेल्फ मारताना ती साधारण ९.६च्या खाली जाऊ नये. ती टिकून आहे आणि तरी सेल्फ रडत-रखडत फिरतोय, तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर ठेवायचे (खुंटावर, वरच्या क्लॅम्पवर नव्हे), दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचे. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. एक-दीड दिसला तर चोर सापडला: अर्थिंग. मग एक टोक क्लॅम्पवर, पुढे बॉडीवर सरकवत नेले की आकडा कुठे उडी मारतो ते कळते. पॉझिटिव्ह बाजूला हीच तपासणी खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत करायची.

कोकण-गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत अर्थिंगचा हा दोष मुरलेला असतो. इंजिन आणि बॉडी जोडणारी विणलेली पट्टी गंजून तुटते. मग करंट आडवाटेने, कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो आणि केबल तापते. पट्टी अगदी स्वस्त. तरी ती कोणी तपासत नाही, याचे मला नवल वाटते.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर प्रकरण वेगळे. गाडी 'झोपल्यावर' साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतची गळती चालते. तेवढीही दिवसाला १.२ अँपिअर-तास होते, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात रिकामी. कोविडच्या टाळेबंदीत उभ्या राहिलेल्या गाड्यांना हेच भोवले.

हल्ली किल्लीच्या जागी बटण आले आणि मधे कॉम्प्युटर बसला. इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत असेल तर स्कॅनरला पर्याय नाही. पण गंजलेली अर्थिंग पट्टी स्कॅनर बोट ठेवून दाखवत नाही. फार तर 'व्होल्टेज कमी' एवढी तक्रार करतो आणि पुन्हा बॅटरीवरच आळ येतो. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत स्वस्तातली साधी बॅटरी टाकली तर ती लवकर मान टाकते, तो दोष बॅटरीचा नसून काटकसरीचा. आणि बटण दाबूनही पडद्यावर 'किल्ली सापडली नाही' असे उमटले तर बॉनेट उघडण्याआधी किल्लीतला ३ व्होल्टचा चपटा सेल बघावा. बऱ्याच गाड्यांत तो संपला तरी किल्ली बटणाला टेकवून इंजिन सुरू होते. नेमकी कुठे टेकवायची ते मॅन्युअलमध्ये दिलेले असते.