गाडी बसली की बसविली?

जुनी मोटार विकत घेण्यास निघालेला मनुष्य पहिल्याने रंग पाहतो, मग दार उघडून आसने पाहतो, आणि शेवटी इंजिन सुरू करून त्याचा आवाज ऐकतो. गाडी जमिनीपासून किती उंचीवर उभी आहे, इकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. आणि ती गाडी स्पोर्ट्स कार असली, म्हणजे दोन माणसांची, चपळ, शर्यतीच्या धाटणीची असली, तर लक्ष जाऊनही त्याला काही वावगे वाटत नाही. अशी गाडी ठेंगणीच असावयाची, हे त्याच्या मनात पक्के बसलेले असते. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असते. त्यामुळे कारखान्यातून निघाली तेव्हापेक्षा ही गाडी दोन इंच खाली आली आहे काय, आणि आली असल्यास ती आपोआप आली की कोणी आणली, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. त्याचे उत्तर मिळते ते पैसे मोजून झाल्यावर, एखाद्या वळणावर किंवा खड्ड्यात.

चाके आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंगा, त्यांना आवर घालणारे शॉक अब्सॉर्बर आणि चाकांना धरून ठेवणारे लोखंडी हात अशी जी योजना असते, तिला सस्पेन्शन म्हणतात. रस्त्याचा उंचवटा आला की चाक वर जाते, स्प्रिंग दाबली जाते, आणि आत बसलेल्या माणसाला त्याचा थोडाच अंश जाणवतो. हे होण्यासाठी चाकाला वर जाण्यास जागा लागते. गाडी जितकी खाली आणावी तितकी ही जागा कमी होते. गाडी खाली आणण्यात लाभ नाही असे मात्र नव्हे. भार जमिनीजवळ आला की वळणावर गाडी कमी कलते. शर्यतीच्या गाड्या याच कारणासाठी ठेंगण्या करतात. पण तेथे स्प्रिंग, शॉक अब्सॉर्बर आणि चाकांचे कोन यांचा मेळ जाणत्या हातांनी घातलेला असतो. गल्लीतल्या गॅरेजात एका दुपारी करवतीने कापलेल्या स्प्रिंगेत तो असतोच असे नाही.

नुसता ठेंगणेपणा हा पुरावा का होऊ शकत नाही, हे समजण्यास एमजीबी या इंग्रजी गाडीइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण. इंग्लंडातील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी तयार होत होती. तिच्या भाऊबंद गाड्या धरून पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या, आणि त्यांतील फार मोठा भाग अमेरिकेत गेला. तिची रचना साधी आहे. पुढे दोन्ही बाजूंस वेटोळ्याची स्प्रिंग. मागे एक अखंड धुरा आणि तिच्याखाली पोलादी पट्ट्यांची कमान. ट्रकवर काम करणारे आपले मेस्त्री जिला पाटा म्हणतात आणि टांग्यालाही जी असे, तीच ही कमान.

सत्तरीच्या दशकात अमेरिकेने मोटारींच्या सुरक्षिततेचे नवे नियम केले. ताशी पाच मैलांची धडक बंपरने सोसली पाहिजे, आणि दिवे जमिनीपासून अमुक एका उंचीच्या खाली असता कामा नयेत. एमजीबीचे दिवे त्या मानाने खाली होते. गाडीचा पुढचा भाग नव्याने आखण्याचा खर्च करण्याऐवजी कंपनीने सोपी वाट धरली. १९७४ च्या अखेरीस चकचकीत क्रोमच्या बंपरांच्या जागी काळे, जाड, रबरी म्हणून ओळखले जाणारे बंपर आले आणि सबंध गाडीच सुमारे इंचभर, काही मोजमापांप्रमाणे दीड इंच, वर उचलली गेली. वजनही वाढले. वळणावर ती पूर्वीपेक्षा अधिक कलू लागली, आणि जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली. कारखान्यालाही ते उमगले असावे. कारण १९७७ सालच्या गाड्यांत सस्पेन्शनमध्ये सुधारणा करून मागे कल रोखणारी पोलादी दांडी बसविण्यात आली. उंची मात्र कमी झाली नाही. ती अनेक मालकांनी पुढे स्वतःच्या खर्चाने कमी करून घेतली.

याचा परिणाम मोठा मजेदार झाला आहे. काळ्या बंपरची एमजीबी खाली बसलेली दिसली, तर ती मूळ उंचीवरून उतरविलेली असते हे खरे. पण कदाचित तिला १९७४ पूर्वीच्या बहिणीच्या बरोबरीला आणून ठेवले असेल, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. उलट क्रोम बंपरची गाडी विनाकारण उंच दिसली, तर ती मुळात काळ्या बंपरचीच असून फक्त तोंडवळा बदललेली असण्याचा संभव असतो. असा वेषपालट त्या गाड्यांत पुष्कळ झालेला आहे. म्हणून डोळ्यांनी उंची जोखण्यापूर्वी गाडीवरील क्रमांकपट्टी आणि कागदपत्रे पाहून तिचे खरे साल ठरवावे. कशाच्या तुलनेत खाली, हे ठरल्याशिवाय खाली या शब्दाला अर्थ नाही.

साल ठरले की मोजपट्टी हाती घ्यावयाची. येथे एक चूक नेहमी होते. लोक जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतात. त्या अंतरात टायरची उंचीही मिसळलेली असते, आणि जुन्या गाडीवर मूळ मापाचे टायर असतील याची खात्री नसते. लहान टायर घातले की गाडी खाली येते, पण सस्पेन्शनला कोणी हात लावलेला नसतो. म्हणून चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावे. गाडी सपाट जमिनीवर असावी, आत कोणी बसलेले नसावे, सामान काढलेले असावे. ती नुकतीच जॅकवरून उतरविली असेल तर दहापाच हात पुढेमागे ढकलावी आणि चारही कोपरे दाबून सोडावेत. नाहीतर स्प्रिंगा आखडून राहतात आणि आकडा खोटा येतो. चार चाकांचे चार आकडे लिहून घ्यावेत, आणि त्या सालच्या दुरुस्ती-पुस्तिकेशी किंवा अस्सल ठेवलेल्या गाडीशी पडताळावेत.

हे चार आकडे पुष्कळ बोलतात. स्प्रिंग म्हातारी झाली की ती दबते. पण म्हातारपण चारही कोपऱ्यांना सारखे येत नाही. बहुतेक वेळा गाडीत चालक एकटाच असतो, म्हणून इंग्लंडातील गाडीची उजवी बाजू अधिक बसलेली आढळते. अमेरिकेतून परत आणलेल्या गाडीचे सुकाणूचक्र मागाहून उजवीकडे हलविलेले असले, तरी जुन्या स्प्रिंगा कायम असतील तर डावी बाजू खाली राहून तिची पूर्वकथा सांगू शकते. केवळ मागचे पाटे थकले असले, तर गाडी उलाळ झालेल्या बैलगाडीसारखी मागे बसते आणि नाक वर करते. याउलट डावेउजवे अगदी सारखे आणि पुढेमागे दोन्हीकडे नेमके तेवढेच अंतर कमी भरले, तर तेथे माणसाचा हात लागला आहे असे समजण्यास हरकत नाही. एकच कोपरा फार खाली असेल तर स्प्रिंग तुटल्याचा किंवा जुन्या अपघाताचा संशय घ्यावा. तो प्रश्न उंचीहून मोठा आहे.

आकड्यांनी संशय निर्माण होतो. खात्री गाडीखाली होते. गाडी भक्कम घोड्यांवर उभी केल्यावाचून, नुसत्या जॅकच्या भरवशावर, कोणीही खाली शिरू नये.

मागच्या बाजूस पाहणे सोपे असते. एमजीबीत पाटा धुऱ्याच्या खालून जातो; म्हणून त्या दोहोंमध्ये धातूचा ठोकळा घातला की पाटा धुऱ्यापासून आणखी खाली ढकलला जातो आणि त्याच्याबरोबर गाडीही उतरते. ठोकळा उघड दिसतो. त्याच्यासाठी लांब यू-बोल्ट घालावे लागतात. चिखलाने माखलेल्या धुऱ्यावर ते तेवढे नवे चमकत असतात. दुसरा उपाय म्हणजे कमी वाकाचे नवे पाटे. येथे फसगत होते, कारण थकलेला पाटाही सपाट झालेलाच असतो. पण थकलेल्या पाट्याच्या पट्ट्यांमध्ये गंज धरलेला असतो, टोकांची रबरे चिरडलेली असतात, एखादी पट्टी भंगलेली असते; मुद्दाम घातलेला सपाट पाटा ताजा आणि एकसारखा असतो.

पुढच्या बाजूस वेटोळ्याच्या स्प्रिंगेची टोके पाहावीत. कारखान्यातील स्प्रिंगेचे टोक आपल्या बैठकीत नीट बसेल असे घडविलेले असते. करवतीने किंवा गॅसच्या ज्योतीने कापलेले टोक ओबडधोबड, धारदार असते, आणि ज्योत वापरली असेल तर भोवतालचे पोलाद निळसर पडलेले दिसते. अशा उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते, आणि ती स्प्रिंग पुढे दबेल किंवा तुटेल याचा नेम नसतो. वेढे मोजून मूळ संख्येशी ताडून पाहता आले तर उत्तमच. गाडी उचलून चाक लोंबकळत असताना स्प्रिंग आपल्या जागी सैल होऊन हाताने फिरू लागली, तर ती त्या जागेच्या मानाने आखूड आहे हे उघड झाले. खोल खड्ड्यात चाक खाली सुटले की अशी स्प्रिंग बैठकीतून सरकू शकते.

स्प्रिंग कापल्याने ती मऊ होते असा एक समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. तेच पोलाद, तीच जाडी, पण वेढे कमी, म्हणजे स्प्रिंग अधिक ताठ. काम करणारे आठ वेढे होते त्यांतील एक कापला, तर ताठपणा सातांश, म्हणजे शेकडा चौदाच्या सुमारास वाढतो. जुना शॉक अब्सॉर्बर मात्र जुन्या स्प्रिंगेच्या हिशेबाने बनविलेला असतो. त्याला ही नवी ताठ स्प्रिंग आवरता येत नाही, आणि गाडी रस्त्यावर उड्या मारीत चालते.

आणखी काही खुणा आजूबाजूला विखुरलेल्या असतात. सपाट जागी उभ्या असलेल्या गाडीच्या पुढच्या चाकाला धरणाऱ्या खालच्या हाताचे बाहेरचे टोक अस्सल गाडीपेक्षा वर चढलेले दिसते. पुढची चाके वरच्या बाजूने किंचित आत झुकतात, आणि टायरची आतली कड लवकर झिजते. मागची चाके तशी झुकत नाहीत, कारण तेथील धुरा अखंड आहे. मागची चाके तिरकी दिसली तर सस्पेन्शनपेक्षा धुऱ्याचीच काळजी करावी. सस्पेन्शन अगदी शेवटास दाबले गेले की लोखंड लोखंडावर आदळू नये म्हणून ठेवलेला रबरी ठोकळा फार जवळ आलेला, कधी चेचलेला, तर कधी जागा करण्यासाठी चक्क कापलेला असतो. मडगार्डच्या आतल्या बाजूस टायर घासल्याची चकाकी आणि धुराच्या नळीवर खालून खरचटल्याच्या रेघा असतात. गतिरोधकांच्या देशात राहणाऱ्यांना या रेघांची भाषा समजावून सांगण्याची गरज नाही.

मग गाडी चालवून पाहावी, आणि शक्य तर ओबडधोबड रस्त्यावरच. चांगली गाडी उंचवट्यावर दबते आणि एकदाच वर येऊन स्थिर होते. जागा संपलेली गाडी धप्प असा आवाज करून एकदम कडक होते. हे सरळ रस्त्यावर झाले तर पाठीला कळते. वळणाच्या मध्यावर झाले तर चाकाची पकड अकस्मात सुटू शकते. सुकाणूचक्र घट्ट धरलेले असूनही खड्ड्यात गाडी आपणहून दिशा बदलते काय, हेही पाहावे. गाडी खाली आली की सुकाणूच्या दांड्या आणि चाकाचे हात यांचे कोन बिघडतात, आणि चाक वर उचलले जाताना थोडे वळतेही.

या साऱ्या खटपटीची गरज आज वाढली आहे. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न झालेल्या मोटारींना २० मे २०१८ पासून वार्षिक तपासणीच्या सक्तीतून सूट मिळाली, आणि शेवटच्या एमजीबीनेही २०२० साली चाळिशी गाठली. सस्पेन्शनची पद्धतच बदलणे हा मोठा फेरफार समजतात. नुसत्या आखूड स्प्रिंगांनी पद्धत बदलत नाही. अर्थात, कित्येक वर्षांत कोणाही जाणत्याने जिच्याखाली डोकावलेले नाही अशी गाडी गिऱ्हाइकापुढे येऊ शकते. भारतात मुद्दा वेगळ्या बाजूने येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर पुन्हा बोट ठेवले. उतरविलेली गाडी येथे विकत घेणारा कदाचित अधिकाऱ्यापुढील एक वादही विकत घेत असतो.

सस्पेन्शन बदलणे हा विकणाऱ्याचा गुन्हाच आहे असे धरून चालू नये. एखाद्या मालकाने योग्य मापाच्या नव्या स्प्रिंगा, त्यांना जुळणारे शॉक अब्सॉर्बर घालून, चाकांचे कोन पुन्हा बसवून घेतलेले असतात, आणि तशी गाडी मूळ गाडीहून चालविण्यास गोडही असू शकते. असा मालक ते लपवीत नाही. पावत्या काढून दाखवितो. दोघांमधील फरक एका साध्या प्रश्नाने बहुधा उघड होतो: मूळ स्प्रिंगा कोठे आहेत? ज्याने काम विचारपूर्वक केले, त्याने त्या सहसा फेकलेल्या नसतात. गॅरेजच्या कोपऱ्यात तेल लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या असतात. त्या निघाल्या तर किमतीत धरून गाडीबरोबर मागून घ्याव्यात. ज्याने कापल्या, त्याच्याजवळ फक्त कापलेले वेढे उरलेले असतात.