गवताच्या बुंध्यातली गोगलगाय

वार्षिकासाठी प्रत्येकाने काहीतरी लिहावे असे सर म्हणाले तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी कवितेच्या वह्या काढल्या. मला कविता जमत नाही. गेली दोन वर्षे आमच्या घरात ज्या विषयाचा सर्वांत जास्त अभ्यास झाला, तो विषय म्हणजे गोगलगाय. वाचकांनी हसू नये. आमच्यासाठी हा पोटापाण्याचा प्रश्न आहे.

आमचे गाव लातूर जिल्ह्यातले. २०२२ च्या जुलैत लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी उगवते सोयाबीन फस्त केले, हे अनेकांनी वर्तमानपत्रात वाचले असेल. आमचे तीन एकर त्यातलेच. संध्याकाळी दोन पानांवर असलेले रोप सकाळी नुसती काडी होऊन उभे असे. दुबार पेरणीही गेली. त्यानंतर वडील शहरात आले आणि बंगल्यांच्या बागा राखू लागले. मी त्यांच्याबरोबर राहून कॉलेज करतो. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच.

एका बंगल्यात मालकांनी वाटेच्या दोन्ही बाजूंना शोभेचे गवत लावून घेतले होते. एकीकडे फाउंटन गवताचे कारंज्यासारखे झुबके, दुसरीकडे गर्द हिरव्या बारीक पात्यांचे मोंडो. (मोंडो नावाचेच गवत, त्याचे कूळ शतावरीचे.) मध्ये झेंडूची रोपे. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात पंधरा दिवसांत झेंडू नाहीसा झाला आणि गवताचे नवे कोंब फाटक्या फितीसारखे दिसू लागले. माळ्याचे लक्ष नाही, असा निष्कर्ष निघाला. रोपांचे पैसे पगारातून कापण्याची भाषा झाली. बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या रात्री आम्ही दोघे बॅटरी घेऊन बागेत गेलो. नाकतोडा पाते कडेने कुरतडतो. गोगलगायीच्या जिभेवर किसणीसारखे हजारो सूक्ष्म दात असतात. ती शिरांमधला मऊ भाग खरवडते, म्हणून पाते लांबीत चिरले जाते. शेजारी वाळलेल्या चिकट द्रवाची चकाकती रेघ दिसली, की चोर कोण हे विचारायला नको. शंख असलेल्या मोठ्या गोगलगायी होत्याच, शिवाय बिनशंखाच्या काळपट, म्हणजे शेंबड्या गोगलगायीही होत्या. त्या रात्री त्रेसष्ट निघाल्या. पण नवल वेगळेच होते. बहुतेक साऱ्या गवतातून बाहेर पडून झेंडूकडे चालल्या होत्या. बाबा म्हणाले, “ह्या गवत खायला नाय येत रं, ऱ्हायला येतात.”

पुढे वाचनात आले ते याला धरूनच होते. जुन्या गवताच्या पात्यात सिलिका असते, ते खरखरीत पाते तिला फारसे आवडत नाही. कोवळा कोंब तेवढा ती खाते. मात्र झुबक्याचा बुंधा दाट, ओला आणि काळोखा असतो. दिवसभर अंग सुकू न देता बसायला याहून चांगली जागा बागेत नाही. म्हणजे शोभेचे गवत हे तिचे ताट कमी आणि बिऱ्हाड जास्त. औषध झेंडूवर टाकून उपयोग काय?

त्या आधी आम्ही पुष्कळ चुकीचे उपाय केले. मी खानावळीतून अंड्यांची टरफले गोळा करून पसरली. नंतर कळले की इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ साली टरफले, तांब्याची पट्टी, खडी वगैरे घरगुती अडथळे तपासले, तर एकाचाही फरक पडला नव्हता. माझे टरफलांचे आठ दिवस गेले ते गेलेच. कोरड्या चुन्याचा पट्टा ती ओलांडत नाही, पण पावसाची एक सर आली की चुना निकामी. गंमत म्हणजे शंखासाठी तिला चुना हवाच असतो, त्यासाठी ती भिंतीही खरवडते. मीठ तिच्यावर टाकले तर ती मरते, पण तेच मीठ मातीत उतरून झाडेही मारते.

मालकांनी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. त्यांनी गोगलगायी मरतात यात शंका नाही. पण त्या कुत्र्यालाही खाऊ वाटतात. शेजारच्या कुत्र्याला झटके येऊ लागले, डॉक्टरांमुळे वाचले बिचारे. ब्रिटनमध्ये २०२२ पासून हे औषध उघड्यावर वापरायला बंदी आहे. बाबांनी उरलेला पुडा परत केला.

शेवटी उपयोगी पडले ते साधेच. झुबक्याखालची कुजकी पाती काढून बुंधा उघडा केला, दोन झुबक्यांत हात जाईल एवढे अंतर ठेवले, विटा आणि मोकळ्या कुंड्या हलवल्या. पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घालू लागलो, म्हणजे रात्री जमीन कोरडी. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी वाफ्याजवळ अंथरायचे. पहाटे त्याच्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या आणि बागेपासून दूर खड्ड्यात पुरायच्या. हातमोजे हवेतच. तिच्या अंगात उंदराच्या फुफ्फुसातल्या कृमीची पिल्ले असू शकतात आणि ती माणसाच्या मेंदूपर्यंत जातात.

मी इतिहासाचा विद्यार्थी, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही मोठी शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली विल्यम बेन्सन या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली. एका साहेबाचा छंद आमच्या तीन एकरांपर्यंत येऊन पोहोचला, असे मला वाटते. तिला मारण्यासाठी १९५५ साली हवाईत दुसरी, मांसाहारी गोगलगाय सोडली, तर तिने तिथल्या गरीब देशी गोगलगायीच खाल्ल्या. आपल्याकडे भारद्वाज हिला आवडीने खातो. त्या बंगल्यात तो रोज येई. मी त्याला हुसकावत असे, आता नाही.

वेचण्याला वेळ साधावी लागते. हिच्या एकाच देहात नर आणि मादी दोन्ही असतात, आणि एका खेपेस ती साबुदाण्याएवढी शंभर-दोनशे अंडी मातीत घालते. श्रावणात वेचणे म्हणजे वाहत्या नळाखाली बादली उपसणे. उन्हाळ्यात मात्र ती शंखाच्या तोंडाला पांढरे झाकण लावून झोपते. यंदाच्या मे महिन्यात आम्ही प्रत्येक झुबका खालून चाचपला. एक्केचाळीस मिळाल्या, सगळ्या झोपलेल्या. पावसाळ्यात गोणपाटाखाली एका पहाटे चारहून जास्त सापडल्या नाहीत, आणि झेंडू दसऱ्याला उभा होता. पगार पुरा मिळाला.

मे महिन्यात त्याच संध्याकाळी बाबांनी गावी चुलत्यांना फोन लावला. हवापाणी, गुरेढोरे झाल्यावर म्हणाले, “आवंदा पेरणीआधी बांधावरलं गवत काढून घ्या. आपण सगळे वावरात हुडकत बसलो होतो, त्या बांधावर ऱ्हात होत्या.”