शिकारी बंदुकीची नळी : राखावी कीं बदलावी ?

गेल्या मार्गशीर्षांत बेलापूर येथील एका स्नेह्यांनीं आपल्या घरची तोड्याची शिकारी बंदूक पाहावयास मला बोलाविलें. बंदूक त्यांच्या परवान्यावर नोंदलेली असून तिचा दस्ता चांगल्या स्थितींत होता. नळी मात्र गंजलेली व तोंडाशीं चिरलेली होती. "नळी नवी बसवावी, म्हणजे वस्तु पुन्हां तयार होईल," असा सल्ला एका कारागिरानें त्यांस दिला होता. जुन्या वस्तूंच्या संग्राहकांपुढें हा प्रश्न वारंवार येत असल्यामुळें त्याचा विचार येथें थोडक्यांत करतों.

बंदुकीचीं मुख्य अंगें तीन : नळी, दस्ता आणि चापाची यंत्ररचना. शिकारीसाठीं शस्त्र निवडतांना पहिली परीक्षा नळीचीच केली पाहिजे. कारण पल्ला, नेम आणि वापरणाऱ्याची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी मुख्यतः तिच्यावर अवलंबून असतात. आंतून गुळगुळीत असलेल्या नळींतून छर्रेही उडवितां येतात व गोळीही. नळीच्या आंत पिळदार आटे असल्यास गोळी स्वतःभोंवतीं फिरत जाते व त्यामुळें तिचा मार्ग स्थिर राहतो. हीच रायफल होय.

मृगयेचें वर्णन आपल्या संस्कृत ग्रंथांत आहे. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासां'तही तें आढळतें. परंतु तो काळ बंदुकीच्या पूर्वींचा असल्यामुळें नळीच्या माहितीसाठीं फारसी साधनांकडे वळावें लागतें. अबुल फज्लनें 'ऐन-इ-अकबरीं'त नळी घडविण्याची रीत दिली आहे. लोखंडाची पट्टी कागदाच्या गुंडाळीप्रमाणें, पण तिरकी, गुंडाळावयाची. कडेला कड न भिडवितां एक कड दुसरीवर चढवावयाची. आणि हळूहळू तापवून ती एकजीव करावयाची. तयार बंदुकीवर कच्च्या व घडविलेल्या लोखंडाचें वजन, लोखंड कोठील, कारागीर कोण, बंदूक कोठें व केव्हां झाली, तिचा अनुक्रमांक कोणता, हें सर्व नोंदविलें जात असे. चितोडच्या वेढ्यांत (इ. स. १५६७-६८) अकबरानें जयमल्लास जिनें टिपलें त्या 'संग्राम' नामक बंदुकीनें बादशहानें १०१९ जनावरें मारल्याचीही नोंद त्याच ग्रंथांत आहे. पोथीस पुष्पिका, तसा बंदुकीस हा लेख होय.

याउलट दस्ता लाकडाचा. त्यास वाळवी लागते, ओल बाधते. म्हणून तो बदलला जाई. तोड्याच्या बंदुकीस पुढें चकमकीची व त्यानंतर केपाची रचनाही बसविली जाई. जुनी नळी आणि तिच्याहून बरीच अर्वाचीन इतर अंगें असा संयोग म्हणूनच पुष्कळ आढळतो. दस्त्यावरून बंदुकीचा काळ ठरविणें हें रुमालावरून पोथीचा काळ ठरविण्यासारखें आहे. फाटका रुमाल बदलण्यास हरकत नाहीं. पानें बदलून मात्र पोथी राहत नाहीं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नित्य वापरांतल्या रायफलीचे आटे झिजतात व नेम बिघडतो. मागची यंत्ररचना व दस्ता उत्तम असतील आणि खर्च नव्या शस्त्राच्या मानानें बराच कमी असेल, तर तेथें नवी नळी बसविणें योग्यच आहे. मात्र आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव अधिनियमानें शिकारीस बंदी असल्यामुळें ही गरज आतां मुख्यतः निशाणबाजांस पडते. ब्रिटनमध्यें नळीचा मागील भाग राखून पुढें नव्या नळ्या जोडल्यास तसें त्यांवर कोरण्याचा नियम आहे. जीर्ण पोथींत नवें पान घालणारा प्रामाणिक लेखक समासांत तसें लिहून ठेवतो, त्यांतलाच हा प्रकार. दुरुस्ती लपविली कीं ती बनावट होते.

कायद्याचा मुद्दाही लक्षांत ठेवावा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमांत, जुन्या घाटणीचीं, पुरातन मोलाचीं अथवा नादुरुस्त शस्त्रें दुरुस्तीनेंही उडवितां येण्याजोगीं नसल्यास वगळलेलीं आहेत. नवी नळी बसवितांच त्या सवलतीचा आधारच जातो. शिवाय दुरुस्तीचें काम परवाना असलेल्या कारागिरानेंच करावयाचें असतें.

आतां स्नेह्यांच्या बंदुकीकडे वळूं. ठासणीच्या बंदुकीची पहिली परीक्षा अशी : चापाशीं खटपट न करितां व नळीच्या तोंडासमोर हात अथवा शरीर न आणितां, बाजूनें लांकडी गज हळूच आंत सोडावा, तोंडापाशीं खूण करावी, आणि तोच गज बाहेरून नळीस लावून बत्तीच्या छिद्रापर्यंत पोहोंचतो कीं काय तें पाहावें. येथें तो चार बोटें अलीकडेच अडला. म्हणजे कोण्या पूर्वजानें ठासलेली दारू व गोळी अद्याप आंतच होती ! जुनी दारू कोरडी राहिल्यास पेट घेते. नळी काढण्यासाठीं कोणी ती तापविली असती तर अनर्थ ओढवला असता. परवानाधारक जाणत्याकडून ठासणी काढविली. पुढें तेलाच्या फडक्यानें गंज हलक्या हातानें पुसतां कानाच्या मागें नागरी अंक दिसूं लागले.

नळी बदलली असती तर तेच प्रथम भंगारांत गेले असते.