लंडनच्या टॅक्सीचालकांचे 'नॉलेज' आणि अ‍ॅपच्या युगातील त्याचे मोल

मोपेडच्या हँडलवर फळी बसवायची, तिच्यावर रस्त्यांची यादी अडकवायची आणि ऊन असो वा पाऊस, लंडनच्या गल्लीबोळांतून संथपणे फिरत राहायचे. असे स्वार त्या शहराला पिढ्यानपिढ्या परिचित आहेत. ते पत्ता शोधत नसतात, पाठ करत असतात. लंडनच्या काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल तर 'नॉलेज ऑफ लंडन' ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. घोडागाड्यांच्या काळात, १८६५ मध्ये ती सुरू झाली. टॅक्सीचालकाच्या ज्ञानाची इतकी कठोर कसोटी जगात क्वचितच कुठे असेल.

चेरिंग क्रॉस हा मध्यबिंदू धरून सहा मैल त्रिज्येचे वर्तुळ काढले की त्यात सुमारे २५ हजार रस्ते येतात. त्यांचा अभ्यास करण्यासाठी ३२० ठराविक मार्गांची यादी असते. मॅनर हाऊस स्थानक ते गिब्सन स्क्वेअर हा त्यांतला पहिला मार्ग. केवळ मार्ग पाठ करून भागत नाही. त्याच्या दोन्ही टोकांभोवतीच्या पाव मैलातील रुग्णालये, नाट्यगृहे, दूतावास, क्लब, पोलीस ठाणी हे सारे ठाऊक असावे लागते. दोन ठिकाणांमधला जवळचा मार्ग शोधण्यासाठी उमेदवार नकाशावर दोरा ताणून धरतात आणि त्या सरळ रेषेला बिलगून जाणारे रस्ते निवडतात. एकेरी वाहतूक आणि वळण्यास मनाई असलेले चौक यांचा हिशेब त्यानंतरचा. संध्याकाळी जोडीदारासमोर बसून मार्ग मोठ्याने म्हणायचे, अगदी पाढे घोकावेत तसे.

खरी कसोटी तोंडी परीक्षेत लागते. उमेदवार सूट-टाय घालून परीक्षकासमोर बसतो. परीक्षक दोन ठिकाणांची नावे सांगतो. ती नेमकी कोठे आहेत हे आधी सांगायचे आणि मग नकाशा न पाहता, डावे-उजवे वळण एकही न गाळता, रस्त्यांची नावे घेत तेथवर पोहोचायचे. अशा फेऱ्या सुरुवातीला ५६ दिवसांच्या अंतराने, पुढे २८ आणि अखेरीस २१ दिवसांच्या अंतराने होतात. साऱ्याला साधारणपणे तीन ते चार वर्षे लागतात. या काळात पगार मिळत नाही. पोटापाण्याचे काम सांभाळूनच बहुतेकांना हा अभ्यास करावा लागतो.

मेंदूतला नकाशा

या अभ्यासाने शास्त्रज्ञांचेही कुतूहल जागे केले. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील मेंदूशास्त्रज्ञ एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात टॅक्सीचालकांच्या मेंदूतील 'हिप्पोकॅम्पस' या भागाचा मागील हिस्सा इतरांपेक्षा मोठा आढळला. मुळातच असा मेंदू असलेली माणसे या व्यवसायाकडे वळत असतील, ही शंका स्वाभाविक होती. तिचे उत्तर २०११ च्या अभ्यासाने दिले. परीक्षेची तयारी सुरू करणाऱ्या ७९ जणांची सुरुवातीलाच तपासणी झाली होती, त्यांपैकी ३९ जण पुढे उत्तीर्ण झाले. मेंदूत बदल दिसला तो केवळ या उत्तीर्णांच्या. त्याची किंमतही होती. नवी आकृती पाहून ती पुढे स्मरणातून काढण्याच्या चाचणीत हेच चालक इतरांच्या मागे पडले.

अ‍ॅपने पुसलेली रेषा

मात्र या परीक्षेकडे स्मरणशक्तीचा चमत्कार म्हणून पाहणे अपुरे आहे. मुळात तो एक करार होता. चालकाने शहर मुखोद्गत करायचे आणि शासनाने ठरवलेल्या मीटरच्या दराने भाडे घ्यायचे. त्याबदल्यात रस्त्यावर हात दाखवणाऱ्या प्रवाशाला गाडीत घेण्याचा अधिकार फक्त त्याचा. इतर भाड्याच्या गाड्या, म्हणजे 'मिनीकॅब', आधी आरक्षण करूनच घ्यायच्या. त्यांच्या परवान्यांसाठी कायदा झाला तो १९९८ मध्ये, आणि या चालकांना नकाशा वाचता येतो का एवढेच पाहणारी सोपी चाचणी पुरेशी ठरली.

२०१२ मध्ये उबर लंडनमध्ये आली आणि कराराची दुसरी बाजू ढासळली. फोनवर बोट टेकवताच दोन मिनिटांत गाडी दारात येत असेल, तर ते आरक्षण म्हणायचे की हात दाखवणे? कायद्याने ते आरक्षणच. चालकाचा फोन म्हणजे मीटर नव्हे, असा निर्वाळा उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. त्याआधी, जून २०१४ मध्ये, हजारो काळ्या टॅक्सींनी मध्य लंडनचे रस्ते अडवून निषेध केला होता.

फोनला मार्ग ठाऊक असताना पाठांतर कशाला, हा प्रश्न गैरलागू नाही. पुढच्या चौकात आत्ता वाहतूक तुंबली आहे, हे कोणत्याही परीक्षेने शिकवता येत नाही. न्यूयॉर्कने २०१५ मध्ये चालक-परीक्षेतील भूगोलाचा भार बराच कमी केला, तर जपानने २०२४ मध्ये टोकियोसह मोठ्या शहरांतील टॅक्सीचालकांची भूगोल परीक्षाच रद्द केली. तेथे चालकांची टंचाई होती. भारतात २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी अ‍ॅप कंपन्यांच्या चालकांसाठी किमान ५ दिवसांचे, ३० तासांचे प्रशिक्षण सांगितले. चार वर्षे आणि पाच दिवस! या दोन टोकांच्या मध्ये काही असू शकते, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. प्रवाशाला अखेर हवे असते ते अनुभवी हात आणि वाट चुकली तर जबाबदारी घेणारा माणूस. दीर्घ परीक्षेचा एक अबोल उपयोग हाच, की उतावळे उमेदवार आपोआप गळतात.

लंडनमध्ये मात्र गळती वेगळ्याच ठिकाणी सुरू आहे. एकेकाळी २५ हजारांच्या आसपास असलेली परवानाधारक टॅक्सीचालकांची संख्या २० हजारांच्या खाली आली आहे. जुने चालक निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी येणारे थोडे आहेत. २०१८ पासून नव्याने परवाना घेणाऱ्या टॅक्सीला धुराविना धावण्याची क्षमता अनिवार्य आहे आणि अशा नव्या गाडीची किंमत ६० हजार पौंडांच्या पुढे जाते. तीन-चार वर्षांची विनामोबदला मेहनत आणि वर गाडीचे हप्ते. दुसरीकडे काही महिन्यांत मिळणारा मिनीकॅबचा परवाना. मोपेड विकत घेण्याआधी आजचा तरुण हाच हिशेब मांडतो.