खेळाडूचा गुडघा आणि त्याचे पुढील आयुष्य

गेल्या हिवाळ्यात कबड्डीच्या एका सामन्यात दिग्गीकडील एक विद्यार्थी चढाई करून परत फिरत असता एकाएकी खाली बसला. त्याला कोणी धरले नव्हते की कोणाचा धक्का लागला नव्हता. पाय मातीत रोवलेला राहिला आणि अंग मात्र मध्यरेषेकडे वळले, एवढेच काय ते घडले. जवळ उभे असलेल्यांना 'कट्' असा आवाज ऐकू आला. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. रात्री घरी कोणी तेल चोळले, कोणी पाला बांधला. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी आम्हांस जो प्रश्न विचारला, तोच या लेखाचा विषय होय. ते म्हणाले, "मास्तर, ह्याचा खेळ संपला काय? आणि खेळ संपला तर पोराचे पुढे काय?"

या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर प्रथम गुडघा म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. गुडघा हा बिजागरीसारखा सांधा आहे असे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण दाराची बिजागरी नुसती उघडते आणि मिटते, गुडघा थोडासा फिरतोही. मांडीचे हाड वर, नडगीचे हाड खाली व समोर वाटी अशी त्याची रचना आहे. ही हाडे एकमेकांत अडकलेली नसतात. ती एकमेकांवर केवळ टेकलेली असतात. त्यांना जागेवर धरून ठेवणारे चार मुख्य अस्थिबंध आहेत. डॉक्टर त्यांस लिगामेंट म्हणतात. दोन सांध्याच्या दोन बाजूंस आणि दोन सांध्याच्या पोटात, फुलीसारखे एकमेकांस छेदून गेलेले. या फुलीतील पुढचा बंध नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा सावरतो. धावता धावता थांबणे, उडी मारून उतरणे, पाय रोवून गर्रकन फिरणे या तीन क्रियांत त्यावर विलक्षण ताण येतो. म्हणूनच कोणी हातही न लावता तो तुटू शकतो. आमच्या विद्यार्थ्याचे असेच झाले होते.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. "एक्स-रे चांगला आला, म्हणजे काही झाले नाही" असे लोक म्हणतात. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, अस्थिबंध दिसत नाहीत. ते पाहण्यास एम. आर. आय. नावाची तपासणी लागते आणि तत्पूर्वी जाणत्या डॉक्टरने हाताने गुडघा हलवून पाहणे आवश्यक असते. दुखापतीनंतर काही तासांतच गुडघा टरारून सुजला, तर आत रक्तस्राव झाला असण्याचा संभव फार. अशा वेळी चोळणे, शेकणे, ओढून बसविणे हे सर्व अपायकारक आहे. खेळ तत्काळ थांबवावा, पाय उशीवर उंच ठेवावा, कापडात गुंडाळलेल्या बर्फाने अथवा गार पाण्याच्या पट्टीने थंडावा द्यावा आणि इस्पितळ गाठावे. आमच्या डोंगराळ मुलखात हे शेवटचे वाक्य लिहिणे सोपे व पाळणे कठीण आहे, याची आम्हांस जाणीव आहे.

पण उशीर महाग पडतो, तो असा. तीन-चार आठवड्यांत सूज उतरते, पोरगा चालू लागतो आणि घरचे म्हणतात, बरा झाला. तो पुन्हा मैदानात उतरतो. सैल गुडघा एखाद्या वळणावर निसटतो आणि दोन हाडांमध्ये गादीप्रमाणे असणाऱ्या कूर्चेच्या चकत्या फाटतात. पहिल्या दुखापतीपेक्षा हे नुकसान वाईट. कारण त्यातून ऐन तिशी-चाळिशीत म्हाताऱ्यासारखी सांधेदुखी मागे लागू शकते.

पूर्ण तुटलेला हा बंध मोडलेल्या हाडासारखा सहसा आपोआप सांधत नाही. मात्र प्रत्येकास शस्त्रक्रिया लागतेच असेही नाही. ज्याला पाय रोवून वळण्याचे खेळ खेळावयाचे नाहीत, त्याचे पुष्कळदा मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाने निभते. ज्याला खेळावयाचेच आहे, त्याच्या मांडीच्या मागील किंवा वाटीखालील कंडरेचा तुकडा घेऊन, हाडांत बारीक बोगदे पाडून, नवा बंध बसवितात. हा तुकडा काही लगेच बंध होत नाही. रोपे उपटून दुसऱ्या वाफ्यात लावल्यावर ती प्रथम कोमेजतात, तसा तोही पहिल्या काही महिन्यांत दुबळा असतो. म्हणून नऊ महिन्यांच्या आत सामना खेळू नये असा सल्ला देतात. घाई करणाऱ्यांचा गुडघा पुन्हा तुटण्याचा धोका बराच अधिक असतो.

आता वडिलांच्या प्रश्नाचा पहिला भाग. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा शस्त्रक्रिया झालेल्या सात हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली होती. शंभरांपैकी सुमारे ८१ जण कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परतले, ६५ जण पूर्वीच्या पातळीवर पोहोचले आणि स्पर्धेच्या खेळात ५५ जणच परतले. म्हणजे आशा आहे, पण हमी नाही. कुस्तीगीर विनेश फोगाट हिला २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघ्याच्या दुखापतीने स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकले. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलला केवढे महत्त्व असते हे पुष्कळांस ठाऊक नसेल. तेथील संघात चेंडू फेकून डाव चालविणाऱ्यास क्वार्टरबॅक म्हणतात. अलाबामा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक टुआ टागोवायलोआ याचा खुबा २०१९ च्या नोव्हेंबरात निखळला आणि त्याचा हंगाम तेथेच संपला. तरी २०२० मध्ये मायामीच्या व्यावसायिक संघाने त्याला पाचव्या क्रमांकावर निवडले. उलट, साउथ कॅरोलिना विद्यापीठाचा धावपटू-खेळाडू मार्कस लॅटिमोर याचा गुडघा २०१२ मध्ये मोडला. तो व्यावसायिक सामना एकही न खेळता २०१४ मध्ये निवृत्त झाला.

आणि आपले खाशाबा जाधव? कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी. १९४८ साली लंडनला तो सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यास पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून त्याला मदत केली. तेथे त्याने कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने १९५६ च्या मेलबर्नची वाट बंद झाली. १९५५ मध्ये तो पोलीस उपनिरीक्षक झाला होता. त्याच खात्यात चाकरी करून साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाला. त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. कौतुकाच्या बाबतीत देशाने त्याची उपेक्षाच केली असे आम्हांस वाटते; पण संसार उभा राहिला तो त्या नोकरीवर.

वडिलांच्या प्रश्नाचा दुसरा भाग म्हणूनच अधिक महत्त्वाचा. रेल्वे, पोलीस, सैन्य यांत खेळाडूंना भरतीत सवलत मिळते. पण तेथे बहुधा अलीकडच्या वर्षांतली कामगिरी पाहतात आणि शिक्षणाची अट असतेच. दुखापतीचे वर्ष मैदानावर वाया जाते. ते शाळेतही वाया गेले, तर पोरगा दोन्ही बाजूंनी मागे पडतो. आम्ही पाहिले आहे की संघातून वगळलेला मुलगा पुष्कळदा शाळाही सोडतो. गुडघ्यापेक्षा त्याचे मन आधी मोडते.

आमच्या विद्यार्थ्यावर शस्त्रक्रिया झाली. हे लिहीत असता त्याला सातवा महिना चालू आहे. रोज सकाळी तो मांडीचे व्यायाम करतो आणि मधल्या सुट्टीत गणिताची राहिलेली प्रकरणे पुरी करतो. सामन्यांच्या वेळी गुणलेखकाची वही आम्ही त्याच्या हाती दिली आहे. परवा एका निर्णयावर त्याने पंचांशी वाद घातला, आणि वही पाहता त्याचेच बरोबर निघाले.