सारंगाच्या हातातले भौतिकशास्त्र

आमच्या उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये कापडाच्या गठ्ठ्यांनी लादलेली हातगाडी ओढणारा माणूस उतार लागण्याआधीच मागे रेलतो. गाडीने वेग घेतल्यावर रेलला, तर फार उशीर झालेला असतो. न्यूटनचा पहिला नियम त्याच्या टाचांना ठाऊक असतो!

जहाज हाकणाऱ्याचे कामही याच जातीचे, पण अधिक अवघड. पाण्यावर ब्रेक नाहीत. ५०,००० टनांचे जहाज सेकंदाला १ मीटर, म्हणजे आपल्या चालण्याहूनही हळू, धक्क्याकडे सरकत असले, तरी त्याची गतिज ऊर्जा ताशी १८० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या २० टनी ट्रकइतकी असते. गणित करून ताडून पाहा. सुकाणू फिरवले तरी जहाज लगेच वळत नाही. आणि एकदा वळू लागले, की सुकाणू सरळ केल्यावरही काही काळ वळतच राहते. म्हणून हवी ती दिशा येण्यापूर्वीच सुकाणू उलटे द्यावे लागते. किती आधी, ते जहाजाचे वजन, वारा आणि भरतीओहोटी यांवर ठरते.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना एकदा मी लाँचच्या सारंगांजवळ उभा होतो. रेवस जवळ येताच त्यांनी लाँचची डावी बाजू धक्क्याकडे किंचित तिरपी आणली व घंटी दिली. इंजिन उलटे फिरले, लाँच थांबली आणि तिचा मागचा भाग आपसूक डावीकडे धक्क्याला टेकला.

"सुकाणू तर हलवले नाही तुम्ही!" मी म्हटले.

"पंखाच ओढतो तिला, मास्तर."

मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा पंखा उलटा फिरवला, की पाण्याचा झोत बोटीच्या उजव्या कुशीवर आदळतो व मागचा भाग डावीकडे ढकलला जातो. सारंगांना झोताची आकृती काढता आली नसती; माझ्या विद्यार्थ्यांना आकृती येते, लाँच लावता येणार नाही.

लाँचवर ही सवय रोजच्या फेऱ्यांत होते. मोठ्या जहाजावर चुकून शिकणे परवडत नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया-३' यांची टक्कर झाली; तेल सांडले, कंटेनर समुद्रात पडले.

फ्रान्समध्ये पोर्ट रेव्हेल येथे १९६७ पासून कप्तान १:२५ प्रमाणाच्या जहाजांवर तळ्यात सराव करतात. लांबी २५ पट कमी केली, की काळ २५ च्या वर्गमुळाने, म्हणजे ५ पट आखडतो. खऱ्या जहाजाचे ५ मिनिटांचे वळण तेथे १ मिनिटात होते, आणि चूक सावरायलाही तितकाच कमी वेळ मिळतो.